शशीचा नऊ ऑगस्ट

हेन्डरसन, ऑकलंड
रविवार, १५ मे २०१६

प्रिय शशी,

कागदोपत्री तुझ्याहून दोन महिने आठ दिवसांनी मोठी असलेल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. हस. तू हसावंस म्हणूनच असं लिहिलंय. शुक्रवारी तू चिडून फोन ठेवलास, तेव्हापासून आपण बोललेलो नाही. रुसलेल्या माणसाच्या घरात हसत शिरावं म्हणजे तो निदान बस तरी म्हणतो, असं आई म्हणायची.

काल मी तुला दोनदा फोन लावला आणि तू उचलायच्या आत बंद केला. जे सांगायचंय ते फोनवर सांगता येईना. मध्येच तुझ्या साइटवरचा कुणीतरी हाक मारणार, तू 'एक मिनिट हं ताई' म्हणणार, आणि ते एक मिनिट मला पेलवणार नाही. म्हणून पत्र. उद्या कामावर जाताना कुरिअरने टाकते, म्हणजे मंगळवारी, फार तर बुधवारी सकाळी क्राइस्टचर्चला तुझ्या हातात पडेल. गुरुवारी तुझी नागरिकत्वाच्या ऑफिसात मुलाखत आहे. बुधवारी संध्याकाळी लायब्ररीत बसून लोकांचे कागद साक्षांकित करणाऱ्या त्या जे.पीं.समोर तू प्रतिज्ञापत्रावर सही करणार आहेस, तेही मला माहीत आहे. माझं एकच मागणं आहे: हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ती सही करू नकोस. इमारतींच्या ड्रॉइंगशिवाय दुसरं काही वाचायचं म्हटलं की तुला जांभया येतात, पण एवढं वाच.

आधी इकडच्या बातम्या, म्हणजे मलाही धीर येईल. शेजारच्या आजींच्या झाडाचे फेजोआ, ते आंबटगोड हिरवे पेरू, यंदाही आपल्याच अंगणात पडतायत. रोज बादलीभर गोळा होतात, आणि त्या रोज कुंपणावरून सांगतात, घ्या, हीप्स आहेत, ढीगभर. मी लोणचं घालून पाहिलं. तुझ्या मेहुण्यांनी एक फोड खाल्ली आणि मग बराच वेळ पाणी प्यायले. इशिताची परीक्षा तोंडावर आली आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं दोघींचं छान चाललंय. चिरागचे पोहायचे टॉग्ज जानेवारीपासून माझ्याकडेच राहिलेत, ते याच पाकिटात घालून पाठवतेय. अस्मिताला सांग, धुतलेले आहेत. माझ्या नागरिकत्वाच्या शपथविधीला काउन्सिलने दिलेलं कोवाईचं रोप आता माझ्याहून उंच झालंय. तू त्याला 'सरकारी झाड' म्हणतोस ते आठवतं आणि पाणी घालताना हसू येतं.

आता मुद्द्यावर येते. आपलं काय अडलंय ते एकदा नीट लिहून काढते, कारण शुक्रवारी आपण दोघंही एकदमच बोलत होतो. तुझ्या नागरिकत्वाच्या अर्जाचं सगळं झालं होतं. पोलिसांचा दाखला आला, इथे राहिल्याचे दिवस मोजून झाले, फोटोमागे सही झाली. शेवटच्या तपासणीत कुणीतरी तुझी २००९ सालची रेसिडेन्सीची फाइल काढली. ती मीच भरली होती, भावंडांच्या कोट्यातून. मी बहीण, तू भाऊ, आणि खाली माझी सही. त्या वेळी ज्याने ती पाहिली त्याच्या काही लक्षात आलं नाही. या वेळी दोन दाखले शेजारी शेजारी ठेवले गेले. विनया मधुकर, जन्म १ जून १९६७. शशिकांत मधुकर, जन्म ९ ऑगस्ट १९६७. दोघांची आई आशालता. जगातल्या कुठल्याही आशालतेला हे जमणार नाही. आणि ही दोघं भावंडंच नसतील तर नागरिकत्व तर लांबच, तुझी रेसिडेन्सीसुद्धा खोट्यावर उभी आहे असं होतं. सात वर्षांचा संसार, अस्मिताची नोकरी, चिरागची शाळा, सगळं त्या दोन तारखांमध्ये अडकलंय. मला झोप लागत नाही ती उगीच नाही.

तुला मात्र ते इतकं सोपं वाटलं! तू हसून म्हणालास, अगं ताई, आपल्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनची होती, हेडमास्तरांनी माझ्याही तारखेचा घोळ घातलाय असं लिहून देतो, जन्म एक जून अडुसष्ट करून टाकू, विषय संपला. मी म्हणाले की मी आधीच माझी तारीख चुकीची आहे असं सांगून आले आहे, तू तुझ्या तारखेला हात लावू नकोस. त्यावर तू भडकलास. तू दहा वर्षांपूर्वीच सिटिझन झालीयेस, तुझे कागद स्वच्छ आहेत, माझ्यासाठी ते का बरबटतेस, असं म्हणालास. माझ्या वाढदिवसासाठी कोण रडतंय, असंही म्हणालास. तुझं मन मला कळलं, शशी. खोटं कुणीतरी आपल्या अंगावर घ्यायचंच असेल तर ते तू घेणार, मला घेऊ देणार नाहीस. लहानपणी बरणी फुटली तेव्हाही हेच केलं होतंस. पण 'कोण रडतंय' या तुझ्या शब्दांवर मी नुसतं 'बरं' म्हणाले, आणि तुला वाटलं की मी रुसले.

माझी मुलाखत कशी झाली ते तुला पुरतं सांगितलंच नाही. गेल्या मंगळवारी हॉस्पिटलमधून अर्धा दिवस रजा घेऊन गेले. टेबलापलीकडची मुलगी इशिताहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. 'किया ओरा' म्हणून नमस्कार केला, पाणी आणून दिलं, माझ्या नावाचा उच्चार बरोबर होतोय का विचारलं. मला वाटलं होतं कुणीतरी दरडावणारा बसलेला असेल, म्हणजे मलाही ताठ बसता आलं असतं. ही इतकी चांगली वागली की माझीच पंचाईत झाली. तिने दोन्ही दाखले माझ्यापुढे सरकवले आणि सांगितलं की भारतातून आलेल्यांच्या कागदांवर एक जून ही तारीख तिने खूपदा पाहिली आहे, शाळेत घालताना अंदाजाने लिहितात हे तिला ठाऊक आहे. मग विचारलं, यातली अंदाजाची तारीख कुठली? पुढे अगदी हळू, मला वाईट वाटू नये म्हणून कागदाकडे बघत, तिने असंही विचारलं की वडील एक आणि आया दोन, असं काही आहे का? तसं असेल तरी भाऊ-बहीण म्हणून चालतं, म्हणाली. बघ शशी, किती सोपी वाट होती ती! हो म्हटलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण मला आपले अण्णा दिसले. दवाखान्यातल्या नर्सबाईंशी बोलतानाही जे बाटलीकडे बघून बोलायचे, त्या माणसाच्या माथी मी दुसरी बाई मारू? अठरा वर्षं झाली त्यांना जाऊन, आता ते स्वतः येऊन नाही म्हणू शकत नाहीत.

मी म्हणाले, अंदाजाची तारीख माझी. त्यात खोटं काहीच नव्हतं. माझा एक जून हेडमास्तरांनीच दिलेला आहे. खोटं त्याच्या पुढे होतं. तिने विचारलं, मग खरा जन्म कधीचा? मी म्हणाले, मार्च सहासष्ट. एक वर्ष मी पदरचं घातलं. मी दिवसभर हेच काम करते, शशी. औषध हातात देण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, नाव सांगा, जन्मतारीख सांगा, आणि दोन्ही जुळल्याशिवाय गोळीसुद्धा द्यायची नाही. पंधरा वर्षांत एकदाही चुकले नाही. आणि त्या दिवशी स्वतःचीच तारीख चुकीची सांगून, त्याखाली सही करून, पाण्याचा पेला रिकामा करून घरी आले.

तुला शाळेचा पहिला दिवस आठवतो का? तुला आठवत नसणार, तू तेव्हा अण्णांच्या धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून रडत होतास. मिरजेची ती शाळा, जून त्र्याहत्तर. हेडमास्तरांच्या पुढे लांबलचक रजिस्टर होतं आणि ओळीने एक जून, एक जून, एक जून असं लिहिलेलं होतं. माझ्या वेळी अण्णा 'मार्चमधली आहे' म्हणाले, हेडमास्तरांनी न ऐकताच एक जून लिहून टाकलं आणि अण्णा गप्प बसले. मग तुझी पाळी आली. अण्णांनी खिशातून कागद काढला, औषधाच्या बाटलीला डोसाच्या खुणांसाठी चिकटवतात तसली पट्टी, आणि त्यावरून वाचून दाखवलं, नऊ ऑगस्ट सदुसष्ट. हेडमास्तरांनी लेखणी थांबवली. दोन मुलं आणि मध्ये दोन महिने, कंपाउंडर, लोक हसतील, म्हणाले. ह्याचा पुढच्या सालचा एक जून लिहितो, दोघांचं नीट बसेल. अण्णांचा आवाज कधी कुणी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी मी ऐकला. मुलीचं काय हवं ते लिहा, म्हणाले, ह्याची तारीख बदलायची नाही, ती माझी नाही.

ती माझी नाही. सहा वर्षांच्या मुलीला त्याचा अर्थ काय कळणार? मला एवढंच कळलं की अण्णा तुझ्यासाठी भांडले आणि माझ्यासाठी भांडले नाहीत. हा सल माझ्या मनात किती वर्षं राहिला हे तुला सांगितलं तर तुला हसू येईल. पुढे आईने आपल्याला सांगितलं की तू माझ्या पाठचा, सव्वा वर्षाने लहान, शाळेत तारखांचा घोळ झाला. आणि आपण दोघांनी ते मानलं. मुलं आईचं मानतातच. अण्णा मात्र तो घोळ झाला असं कधीच म्हणाले नाहीत. विषय निघाला की उठून अंगणात जायचे.

आणि तुझे वाढदिवस! माझ्या वाढदिवसाला तबकात एक निरांजन असायचं. तुझ्या वाढदिवसाला दोन. एकाने आई तुला ओवाळायची आणि दुसरं त्याआधीच लावून खिडकीतल्या कोनाड्यात ठेवायची. तू मला चिडवायचास, मला दोन, हिला एकच, क्रांतिदिनाला जन्मलोय मी, सगळा देश झेंडा लावतो. अण्णा त्या दिवशी दवाखान्यातून लवकर यायचे आणि शिऱ्याला हात लावायचे नाहीत. तुला वाटायचं त्यांना साखर चालत नाही. मीसुद्धा तेच समजत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शिळा शिरा दोन वेळा मागून घ्यायचे, हे आपल्या दोघांच्याही लक्षात कसं आलं नाही?

मला कळलं ते इशिताच्या वेळी. शहाण्णव साली मी बाळंतपणाला मिरजेला होते. चौथ्या-पाचव्या दिवशीची गोष्ट. इशिता सारखी अंगावर ओढायची, मला झोप नाही, अंग दुखतंय, आणि मी वैतागून आईला म्हणाले की एका पोरीने माझा जीव घेतलाय. आई वरण घोटत होती. सहज म्हणाली, मी दोघांना पाजलं, एक या बाजूला, एक त्या बाजूला, तुला काय झालंय रडायला? म्हणाली आणि तिचा हात थांबला. पाठच्या भावाला आणि मला एकदम कसं पाजणार? मी फार्मसी शिकलेली, एका मुलीची आई, आणि इतकी वर्षं हा एवढा हिशोब मी केला नव्हता. मग तिने रवी खाली ठेवली, दार लोटलं, आणि सांगितलं.

अण्णांच्या टेबलाच्या काचेखाली एक फोटो होता, आठवतो? लग्नातला, कडेला उभी असलेली मोठं कुंकू लावलेली मुलगी, डोळे मिटले गेलेत. ही कोण म्हणून तू विचारलंस तेव्हा आई म्हणाली होती, अण्णांची धाकटी बहीण अनुराधा, लवकर गेली. तुझी अनुआत्या. आजी-आजोबा नव्हते, म्हणून पहिल्या बाळंतपणाला ती भावाच्या घरी आली. तेव्हा आपण पाटणला होतो. मी पाच महिन्यांची होते. नऊ ऑगस्टला तिला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी ताप चढला. नदीला पूर, रस्ते बंद, डॉक्टर पलीकडच्या गावात अडकलेले, आणि घरात औषधांची कपाटं राखणारा भाऊ. अण्णांना जे येत होतं ते सगळं त्यांनी केलं. आठव्या दिवशी ती गेली. जायच्या आदल्या दिवशी शुद्धीत होती. तिने अण्णांना विचारलं, दादा, हा झाला त्या दिवशी इंग्रजी तारीख काय होती? मला तिथी तेवढी आठवते. शाळेत घालताना लागेल, लिहून दे. अण्णांनी जवळ होती त्या बाटलीच्या पट्टीवर लिहून दिलं. तिने ती पट्टी दोनदा वाचून घेतली आणि उशाखाली ठेवली. तिचे यजमान तेराव्याला आले, बाळाला पाहिलं, परत येतो म्हणाले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी दुसरं लग्न केलं. ते कधीच आले नाहीत. आईने मला एका कुशीत घेतलं आणि तुला दुसऱ्या. वर्षभरात अण्णांनी मिरजेला नोकरी धरली, जिथे आपल्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि तिथे तू मधुकर कंपाउंडरांचा मुलगा झालास.

हे वाचून तू कुठे बसला असशील, काय करत असशील, मला कळत नाही. मी जवळ हवी होते. अस्मिता घरी असेल तर तिला हाक मार.

तुला न सांगण्याची शपथ आईने मला त्याच दिवशी घातली. इशिताच्या टाळूवर माझा हात ठेवला आणि म्हणाली, त्याला कळलं तर तो माझ्याकडे पाहुणा होईल. वीस वर्षं मी ती पाळली. गेल्या वर्षी जानेवारीत आपण दोघं मिरजेला धावलो तेव्हा तू औषधं आणायला गेला होतास. आई डोळे न उघडता म्हणाली, बोलली नाहीस ना? मी म्हणाले, नाही. तिने माझा हात थोपटला. दुसऱ्या दिवशी तू तिला अग्नी दिलास. मुलानेच द्यायचा असतो आणि मुलानेच दिला, माझ्या मनात त्याबद्दल तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. आता ती शपथ मी मोडतेय. इथल्या राणीच्या नावाने घेतलेल्या शपथेची मला एवढी भीती वाटली नव्हती. काल इशिता गाडी घेऊन मैत्रिणीकडे गेली, मी तिला तीन वेळा फोन केला. 'मम, आय ॲम फाइन, रिलॅक्स,' म्हणाली. औषधांची शास्त्रं शिकलेली बाई मी, पण जीव काही थाऱ्यावर येत नाही.

तू विचारशील, सांगायचंच होतं तर आधी का नाही, आणि नव्हतं सांगायचं तर आताच का? आधी नाही सांगितलं कारण मी भित्री आहे. आणि खरं सांगायचं तर माझाही स्वार्थ होता. मला भाऊ हवा होता, आतेभाऊ नको होता. २००९ साली भावंडाच्या रकान्यात तुझं नाव लिहिताना माझा हात थांबला होता, पण तो कायद्याच्या भीतीने. मनात शंका नव्हती. एका आईचं दूध प्यायलेली दोन माणसं आपण, त्याला दुसरं नाव मला माहीत नाही. त्या सहीबद्दल उद्या मला कुणी जाब विचारला तर मी देईन. गुरुवारी त्या टेबलासमोर तुला सगळं खरं सांगावंसं वाटलं तर सांग. त्याचं काय होईल ते आपण मिळून बघू, वकील करू, मी काम सोडून तुझ्या शेजारी येऊन बसेन. न जाणता बोलला असतास तर तू निर्दोष राहिला असतास. ते निर्दोषपण मी तुझ्याकडून काढून घेतेय, हे मला कळतंय. त्याबद्दल तू मला माफ केलं नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. काय सांगायचं ते तूच ठरव, फक्त एक गोष्ट करू नकोस.

ती तारीख देऊन टाकू नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. तू आपला भाऊ-बहिणीचा हिशोब नीट बसावा म्हणून, माझे कागद स्वच्छ राहावेत म्हणून, हसत हसत नऊ ऑगस्टच्या जागी एक जून लिहून द्यायला निघालायस, आणि तुला माहीतच नव्हतं की तू काय देतोयस. तुझ्या नावात ती नाही, दाखल्यावर नाही, पासपोर्टवर आईच्या रकान्यात नाही. अण्णांनी तिच्याजवळचं सगळं घेतलं, मूलसुद्धा घेतलं, पण तिने विचारून घेतलेली तारीख घ्यायला ते धजले नाहीत. सगळ्या कागदांमध्ये तिचं म्हणून तेवढंच उरलंय. माझा एक जून कुणाचाच नाही, माझं एक वर्ष घे, खुशाल घे, मला ते कधी लागणार नाही. तू विचारलं होतंस ना, तुझ्या वाढदिवसासाठी कोण रडतंय? अण्णा रडायचे, शशी, अंगणात जाऊन. आई गेल्यावर, गेल्या नऊ ऑगस्टला, कोनाड्यातलं निरांजन मी इथे किचनच्या खिडकीत लावलं. यंदा अस्मिताला आणि चिरागला घेऊन इकडे ये. निर्णय काहीही लागलेला असो, तू ये. तुला मी ओवाळीन, पण ते दुसरं निरांजन या वर्षी तू लाव.

तुझीच,
विनूताई